नक्षी वेगळी, धागा वेगळा

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी पतसंस्थेचा संचालक आहे, शाळेच्या कमिटीवर आहे, मंडळाच्या हॉस्पिटलचा विश्वस्त आहे, किंवा ज्यांचे पैसे आणि कागद अशा संस्थांकडे आहेत (म्हणजे आपण सगळेच), त्यांनी चहा घेऊन बसावं आणि शेवटपर्यंत वाचावं.

मी शुक्रवार पेठेत राहतो आणि बरीच वर्षं छोट्या संस्थांच्या संगणकाची कामं करतो. संस्था सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा मीटिंगमध्ये तीन प्रश्न ठरलेले. केवढ्याला? पावती मराठीत निघते का? बिघडलं तर माणूस किती वाजता येणार? चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा: तुमचा प्रोग्रॅम डेटाबेसला जे प्रश्न विचारतो ते आधी तयार करून ठेवलेले असतात, की दरवेळी आयत्या वेळी शब्द जोडून पाठवता?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याचा इतिहास मागावर सुरू होतो, म्हणून सोलापूरकराला तो पुण्या-मुंबईवाल्यांच्या आधी कळायला पाहिजे.

आधी पैठणी घ्या. तिच्या पदरावरचा मोर जुन्या पद्धतीत विणकर हाताने भरतो. किती धागे सोडायचे, कुठे रंग अडकवायचा, हे दर ओळीला मोजायचं. दुसऱ्या पैठणीवर तोच मोर काढायचा तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कला म्हणून तिला तोड नाही. पण दिवसाला ढीगभर चादरी काढायच्या असतील तर ही रीत परवडत नाही.

बनारसच्या विणकरांनी यावर फार पूर्वी तोड काढली होती. तिथे नक्षाबंद म्हणून वेगळा कारागीर असायचा. तो संपूर्ण नक्षी दोऱ्यांच्याच जाळ्यात बांधून द्यायचा. ते जाळं मागावर चढवायचं, आणि एक मदतनीस ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढायचा. नक्षीचा विचार एकदाच, विणकाम अनेकदा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण संगणकाच्या इतिहासाची पुस्तकं ही गोष्ट थेट फ्रान्सपासून सुरू करतात.

फ्रान्सचं श्रेय मात्र मोठंच आहे. लिआँ हे रेशमाचं शहर. तिथल्या बुशाँने १७२५ मध्ये भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीवर नक्षी साठवायचा प्रयत्न केला, पुढे फाल्काँने कार्डांची माळ केली, आणि १८०४ मध्ये जोसेफ मारी जॅकार्डने हे सगळं एका चालत्या यंत्रात बसवलं. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. कार्डाला जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. मधून धोटा जातो. पुढचं कार्ड येतं. दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाची गरज संपली, आणि त्यावरून लिआँमध्ये विणकरांनी बराच राग काढला. तो राग समजण्यासारखा आहे. आपल्या गावाने गिरण्या बंद होताना पाहिल्यात.

आपली सोलापुरी चादर ज्या जॅकार्डवर निघते ते हेच. पूर्वभागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना कार्डांच्या त्या लांब माळा मागावर लटकलेल्या आठवत असतील. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक चौकोन बघत कार्डं पंच करायची, क्रमाने ओवायची. हे काम किचकट आणि डोळ्यांचा चुराडा करणारं. एक कार्ड चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच खोट. पण माळ एकदा बरोबर जमली की मग काय? लाल कांडी लावा, लाल चादर. निळी लावा, निळी चादर. कार्डाला हात लावायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी पोस्ट त्यावर उभी आहे: नक्षी कार्डात, रंग कांडीत, आणि दोघांची वाट वेगळी.

एका जुन्या कार्ड पंच करणाऱ्या मास्तरांना मी एकदा माझं काम काय ते याच शब्दांत समजावत होतो. ते हसून म्हणाले, "काय सांगूलालाव सर, हे तर आम्ही करूलालाव की!"

पुढची पायरी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३०च्या दशकात हिशेबाचं एक अजस्र यंत्र कागदावर मांडलं, आणि त्याला हुकूम देण्यासाठी जॅकार्डची कार्डं घेतली. जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र त्याच्याकडे होतं, ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. त्याने हुकमाची कार्डं वेगळी आणि आकड्यांची कार्डं वेगळी ठेवली होती. ते यंत्र पुरं झालं नाही. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोकांची कार्डं माणसं मोजायला वापरली, आणि त्याच्या धंद्यातूनच पुढे आयबीएम कंपनी उभी राहिली.

आता येऊ डेटाबेसवर. डेटाबेस म्हणजे काय, तर आपल्या तलाठ्याच्या किंवा सोसायटीच्या नोंदवह्याच. रकाने आणि ओळी. पण १९७० च्या आधी संगणकातल्या नोंदवहीतून काही काढायचं तर प्रोग्रॅमरला वाट स्वतः सांगावी लागायची: या कपाटातून त्या कप्प्यात जा, तिथून पुढच्या नोंदीवर उडी मार. कपाटाची मांडणी बदलली की प्रोग्रॅम निकामी. १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी मांडलं की माणसाने फक्त काय हवं ते सांगावं, कुठून कसं आणायचं ते यंत्राने बघावं. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल.

माणसाचं काम हलकं झालं, पण ते काम कुठे नाहीसं झालं नाही, यंत्राच्या डोक्यावर गेलं. "खाते क्रमांक ४५१ ची शिल्लक सांग" असं म्हटलं की यंत्राला आधी ते वाक्य वाचून त्याचं व्याकरण तपासावं लागतं. असा तक्ता आहे का, विचारणाऱ्याला परवानगी आहे का, हे बघावं लागतं. मग वाट निवडायची: सगळी वही पहिल्या पानापासून चाळू, की मागच्या सूचीतून थेट पान गाठू? आणि एवढं झाल्यावर शिल्लक वाचायची. वाचण्याचं काम क्षणाचं, तयारीच मोठी. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात 'सिस्टिम आर' नावाचा प्रयोग चालला होता. तिथल्या लोकांनी हे मोजलं, तेव्हा तयारीत सगळ्यात महाग निघालं ते वाट निवडणं.

आणि बँकेच्या खिडकीवर दिवसभर काय चालतं? तोच प्रश्न. फक्त खाते क्रमांक वेगळा. मग दरवेळी व्याकरण, दरवेळी वाट कशाला शोधायची? त्या प्रयोगशाळेतल्या रेमंड लोरी यांनी सुचवलं की प्रोग्रॅम लिहून झाला की त्यातले प्रश्न एकदाच तपासून, वाट निवडून, यंत्राच्या भाषेत उतरवून डेटाबेसमध्येच ठेवून द्यायचे. खात्याच्या आकड्याची जागा मोकळी सोडायची. चालवताना फक्त आकडा पाठवायचा. मला यात आवडणारा भाग असा की मधल्या काळात कुणी सूची काढून टाकली, तर तयार ठेवलेला प्रश्न बाद होऊन पुढच्या वेळी आपोआप नव्याने तयार व्हायचा. म्हणजे मागाची रचना बदलली तर कार्डांची माळ स्वतःच स्वतःला पुन्हा पंच करून घेणार.

याच कल्पनेचं पुढचं रूप म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. प्रश्न लिहिताना किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं: "खातेदारांच्या तक्त्यातून शिल्लक दे, जिथे खाते क्रमांक = ?" हे एकदा डेटाबेसकडे पाठवायचं, म्हणजे कार्ड पंच झालं. मग ४५१, ४५२, ४५३ एवढेच आकडे पाठवत राहायचे. कांडी बदलली, एवढंच.

एका संस्थेत महिनाअखेरीची व्याज-आकारणी संध्याकाळी लावली की रात्री जेवणं होईपर्यंत चालायची. संस्थेचं नाव घेत नाही, कारण त्यांनी सुधारणा मनापासून केली. मॅनेजर नवीन सर्व्हर घ्यायच्या तयारीत होते, कोटेशनही आलं होतं. तिथल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्यासाठी अख्खं वाक्य नव्याने जुळवून पाठवलं जात होतं. एका तरुण मुलीने ते प्रिपेअर्ड केलं आणि नोंदी गठ्ठ्याने कायम करायची सोय केली. मशीन तेच, काम चहा येईपर्यंत आटोपलं. सर्व्हरचे पैसे वाचले. तिचा पगार वाढला की नाही ते विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली वेगाची गोष्ट. त्यात सार्वजनिक काय आहे?

सार्वजनिक भाग १९९० च्या दशकात सुरू होतो. वेबसाइट आल्या. रातोरात हजारो लोकांना प्रोग्रॅम लिहायचे होते, आणि पुस्तकांतून सगळ्यात सोपी रीत शिकवली गेली: वाक्याचा अर्धा तुकडा घ्या, त्याला लोकांनी फॉर्ममध्ये भरलेला मजकूर चिकटवा, शेवट जोडा, पाठवून द्या. पीएचपी आणि मायएसक्यूएल ही जोडी फुकट होती, गावोगावच्या वेबसाइट तिच्यावर उभ्या राहिल्या. मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंटची सोय मुळात नव्हतीच, ती २००४ मध्ये ४.१ आवृत्तीत आली. तोपर्यंत चिकटवायची सवय हाडीमाशी खिळली होती. लोरींनी २५-३० वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न आपण पुन्हा पैठणीच्या पदरासारखा ओळ मोजत सोडवत बसलो होतो, फक्त तिच्यासारखं सुंदर काही हाती येत नव्हतं.

चिकटवण्यातला पहिला घोटाळा साधा असतो. वसईत, गोव्यात डिसोझा, डिमेलो आडनावं आहेत. इंग्रजीत लिहिताना 'डी' नंतर वर एक स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. डेटाबेसच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण. म्हणजे बिचाऱ्या बाईंनी आपलं आडनाव बरोबर लिहिलं की फॉर्म कोसळणार, आणि खिडकीवरचा माणूस सांगणार, "मॅडम, ते चिन्ह काढून टाका." स्वतःचं आडनाव चुकीचं लिहा, कारण आमचा प्रोग्रॅम चुकीचा आहे! नंतर आधार एका स्पेलिंगचं, पासबुक दुसऱ्या, आणि बाईंच्या चकरा सुरू.

दुसरा घोटाळा मुद्दाम केलेला असतो. खाते क्रमांकाच्या रकान्यात एखाद्याने आकड्याऐवजी लिहिलं, "४५१ किंवा १ = १". चिकटवणारा प्रोग्रॅम ते तसंच वाक्यात घालतो. १ = १ हे प्रत्येक ओळीसाठी खरं, म्हणून सगळ्या खातेदारांची माहिती बाहेर. याच वाटेने पुढे जाऊन तक्ते बदलताही येतात, पुसताही येतात. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' नावाच्या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने याबद्दल लिहिलं. म्हणजे जगाला हे माहीत होऊन पाव शतक उलटून गेलंय.

आता पुन्हा मागाकडे या. सोलापूरच्या मागावर तुम्ही कुठलाही धागा लावा. कच्चा लावा, चुकीच्या रंगाचा लावा, मुद्दाम खराब लावा. चादर बिघडेल. पण धागा कितीही लबाड असला तरी तो कार्डाला नवीन भोक पाडू शकत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये नेमकं हेच होतं. प्रश्न आधीच वाचून, तपासून, पक्का झालेला असतो. नंतर "४५१ किंवा १ = १" आलं, तर डेटाबेस ते हुकूम म्हणून वाचतच नाही. खाते क्रमांक म्हणूनच बघतो, तो आकडा नाही म्हणून परत पाठवतो किंवा असं खातं नाही म्हणतो. डिसोझाबाईंचं चिन्हही मग निव्वळ मजकूर. वेगासाठी केलेल्या सोयीतून सुरक्षितता जवळजवळ फुकट मिळाली. सिस्टिम आर करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हॅकर नव्हते, इंटरनेटवरची जनता नव्हती. त्यांना फक्त तोच तोच खर्च वाचवायचा होता.

ही फुकटची सोय न घेतल्याने काय झालं ते सांगतो. अमेरिकेत हार्टलँड नावाच्या कार्ड-व्यवहाराच्या कंपनीत असंच शिरून सुमारे १३ कोटी कार्डांची माहिती चोरली गेली. प्रकरण जानेवारी २००९ मध्ये उघड झालं, मुख्य आरोपीला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या टॉकटॉक टेलिफोन कंपनीतून २०१५ मध्ये दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती गेली. तिथे गुन्हा कबूल करणारा मुलगा १७ वर्षांचा होता, आणि कंपनीला चार लाख पौंड दंड झाला. २०२३ मध्ये फायली पाठवायच्या 'मूव्हइट' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच भोक निघालं आणि जगभरच्या संस्था सापडल्या. शेवटी मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा खात्याने आणि एफबीआयने मिळून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना बजावलं की हा दोष मुळातून संपवा, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. एवढ्या मोठ्या देशाला २०२४ मध्ये हे पत्रक काढून सांगावं लागतं.

आपल्याकडचं चित्र काय? दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. राज्यभरातली पंधरा लाखांच्या आसपास पोरं आणि त्यांचे मामा-काका एकाच वेळी एकच प्रश्न विचारतात, फक्त बैठक क्रमांक वेगळा. सातबारा बघा, गाव आणि गट क्रमांक बदलतो, प्रश्न तोच. पाणीपट्टी, घरपट्टी, वीजबिल, ओपीडीचा केसपेपर, सगळीकडे तेच. सरकारी काम म्हणजे एकाच नक्षीच्या लाखो चादरी. इतकं चपखल बसणारं दुसरं क्षेत्र मला दिसत नाही.

कौतुक एकतर्फी नको, म्हणून अडचणीही सांगतो. एकच चादर काढायची तर कुणी कार्डं पंच करत बसत नाही. एकदाच विचारायच्या प्रश्नाला प्रिपेअर्डमुळे जास्तीची एक फेरी पडू शकते. तरीही बाहेरून आलेला मजकूर असेल तिथे मी ती फेरी सोसतो.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. आकडा कळायच्या आधीच वाट ठरली, तर ती प्रत्येक आकड्याला सोयीची असेलच असं नाही. जिल्ह्याच्या यादीत "गाव = सोलापूर" म्हटलं तर यादीचा मोठा हिस्सा येणार, तिथे सरळ पानं चाळलेली बरी. एखाद्या छोट्या वाडीचं नाव दिलं तर मोजक्या ओळी, तिथे सूची बरी. एकच वाट दोघांना लावली की एकाचे हाल. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसने २०१२ च्या आवृत्तीपासून यावर व्यवहारी तोडगा काढला: पहिल्या पाच वेळा प्रत्यक्ष आकडा बघून वाट निवडायची, मग सर्वसाधारण वाट तेवढीच स्वस्त पडते का ते ताडून बघायचं आणि ठरवायचं. आपल्या बाजारातला मुरलेला दलालही साधारण असंच करतो.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या महाराष्ट्रात पवईला सापडली. प्रश्न तयार असला तरी हजार खात्यांसाठी हजार फेऱ्या होतातच. गोदामातून एकेक कांडी आणायला पोरगं हजारदा पाठवल्यासारखं. आयआयटी मुंबईचे रवींद्र गुरवण्णवर आणि प्राध्यापक एस. सुदर्शन यांनी २००८ मध्ये शोधनिबंध लिहिला, त्याचा विषय हाच: असं एकेक करून विचारणारा प्रोग्रॅम यंत्रानेच तपासून असा बदलायचा, की सगळ्या किमती एका गठ्ठ्यात जातील आणि उत्तर तेच येईल. सुदर्शन सरांचं डेटाबेसचं पाठ्यपुस्तक आपल्याकडची इंजिनिअरिंगची पोरं वापरतात. परीक्षेत "प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणजे काय, फायदे लिहा" असं आलं की पाच मार्कांचं उत्तर पाठ असतं. नोकरीत पहिल्याच महिन्यात तीच पोरं वाक्यं चिकटवताना मी पाहिलीत, कारण जुना प्रोग्रॅम तसाच आहे आणि साहेब म्हणतात, चालतंय ना, हात लावू नका.

"चालतंय ना" आता महाग पडणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सांभाळायला वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. सॉफ्टवेअर कुणी लिहिलं ते नंतर बघू म्हणून सुटता येणार नाही.

तर संचालकांनो, विश्वस्तांनो, पुढच्या वेळी सॉफ्टवेअरवाला समोर बसला की तीन गोष्टी विचारा. बाहेरून आलेला मजकूर वाक्यात कुठेही चिकटवलाय का? नुसतं "हो सर, प्रिपेअर्ड आहे" यावर जाऊ नका, कारण नावाला प्रिपेअर्ड म्हणायचं आणि आत मजकूर चिकटवूनच वाक्य तयार करायचं, हा प्रकार सर्रास आहे. तक्त्याचं नाव किंवा क्रमवारीचा रकाना प्रश्नचिन्हाने पाठवता येत नाही, तिथे काय केलंय? याचं बरोबर उत्तर "आम्ही ठरलेल्या यादीतूनच निवडू देतो" असं आहे. आणि तिसरं, संस्थेच्या वेबसाइटवर पीएचपीची ती जुनी मायएसक्यूएल पद्धत अजून आहे का? ती २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली आहे, म्हणजे उत्तर "हो" आलं तर तुमची साइट त्याहून जुन्या पायावर उभी आहे.

याच तीन गोष्टींवर करारात घालायच्या कलमाचा मसुदा मी मराठीत तयार केलाय. पानभर आहे, वकिलाला दाखवून मग वापरा. ज्या संस्थेला हवा असेल त्यांनी सांगा, पाठवून देतो. पैसे नाहीत.